हवालदाराची फेरी

संस्थेच्या स्मरणिकेत हवालदारावर दोन ओळी आल्या आहेत. दोन्ही खोट्या आहेत. पहिली अशी, की आवारात शिरलेल्या एका पिसाळलेल्या कुत्र्याने एका वृद्धास चावा घेतला. दुसरी अशी, की तत्कालीन व्यवस्थापकांनी तत्परता दाखवून मोठा अनर्थ टाळला. स्मरणिका गुळगुळीत कागदावर छापली आहे. वर देणगीदारांचे फोटो आहेत. मी ती घरी आणली, चष्मा लावून दोनदा वाचली, आणि स्टोव्ह पेटवायचं विसरून तशीच बसून राहिले.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. नोकरीतल्या आठवणी लिहून द्या म्हणून आम्हा जुन्या आयांनाही एकेक कोरा कागद दिला होता. मी तो कोराच परत केला. आता वाटतं, कोरा दिला म्हणूनच त्यांनी त्यात हवं ते भरलं. म्हणून ह्या वहीत लिहिते आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी गावाकडे खडी फोडत होते. दुष्काळ सरल्यावर सोलापुरात बहिणीकडे आले आणि ह्या वृद्धाश्रमात आया म्हणून लागले. आश्रम गिरणीच्या मागच्या अंगाला होता. पुढच्या दालनात शुद्धीत असलेली म्हातारी माणसं, आणि मागच्या दालनात ज्यांची आठवण गेली आहे अशी. त्या दालनाला सगळे ‘येड्यांची खोली’ म्हणायचे. आता त्या आजाराला काही नाव आहे म्हणतात. तेव्हा म्हातारचळ म्हणत आणि दाराला बाहेरून कडी लावत. मला मागचं दालन दिलं, कारण मी नवी होते आणि नाही म्हणणारी नव्हते.

आयाचं काम म्हणजे गू-मूत काढणं, असं लोकांना वाटतं. ते आहेच, पण ते थोड्या वेळाचं काम. बाकी सगळा दिवस राजी करण्यात जातो. तोंड उघडायला राजी करा, अंगावर पाणी घ्यायला राजी करा, लुगडं बदलायला राजी करा. ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही त्याला माझं कुठून आठवणार? रोज सकाळी मी त्यांना परकीच. परक्या बाईने येऊन अंगावरचं लुगडं ओढलं तर कोणीही मारेल. शिवम्मा आजी मला मारायच्या, चावायच्यासुद्धा. मला त्यांचा राग यायचा नाही. राग यायचा तो ‘म्हातारी पिसाळली’ असं म्हणून दारातून हसणाऱ्यांचा.

हवालदार आला तेव्हा मीच त्याला केरसुणीने मारलं होतं, हे आधी कबूल करते. तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला, उंच कुत्रा. रोज तो कुंपणाच्या आतल्या बाजूने पूर्ण फेरी मारायचा. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून वास घ्यायचा आणि मग पुढे जायचा. फाटकावरचे राखणदार बाबूमियाँ म्हणाले, “अक्का, मत मारो. ये कुत्ता नई, हवालदार है. देखो, बीट पे निकला.” तेच त्याचं नाव पडलं.

शिवम्मा आजी अक्कलकोटाकडच्या. बोलणं कानडी, मराठी थोडं थोडं. त्या मला तंगी म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. दुपारचं ताट समोर ठेवलं की त्या ते ढकलून द्यायच्या आणि दाराकडे बोट दाखवत राहायच्या. आम्ही म्हणायचो, चळ. नळीने पेज घालायची वेळ आली होती. एके दिवशी दार उघडं राहिलं आणि हवालदार आत आला. आजींनी भाकरीचा मोठा तुकडा मोडून त्याच्यापुढे टाकला, तो खाऊन होईपर्यंत बघत बसल्या, आणि मग स्वतः जेवायला लागल्या. आपल्या हाताने. सगळी भाकरी खाल्ली.

दारात उपाशी जीव असताना घरच्या बाईने जेवायला बसायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत होती. नवऱ्याचं नाव गेलं, मुलांची तोंडं गेली, तरी ती रीत त्यांच्यात राहिली होती. त्या दाराकडे बोट दाखवून तेवढंच विचारत होत्या, की दारातल्याला घातलं का. आणि आम्ही शहाणी माणसं त्यांच्या नाकात नळी घालायला निघालो होतो.

त्या दिवसापासून मी हवालदाराला कामाला लावलं. जेवणाच्या आधी त्याला आत घ्यायचं. शिवम्मा आजींचं बघून दुसरेही त्याला घास टाकायचे आणि मग स्वतः खायचे. केसांचंही तसंच. आजी डोक्याला हात लावू द्यायच्या नाहीत, उवा झाल्या होत्या. एकदा हवालदार अंगभर कुसळं घेऊन आला. आजी “बा, बा” म्हणजे ये, ये करत त्याला जवळ घेऊन एकेक कुसळ काढत बसल्या. मी त्यांच्या हातात जुनी फणी दिली. त्या कुत्र्याला विंचरू लागल्या आणि मी मागे बसून त्यांना. त्यांना कळलंसुद्धा नाही. कुत्र्याच्या फणीला मी लाल दोरा बांधून ठेवला होता, अदलाबदल होऊ नये म्हणून. दोनदा झाली. दोन्हीकडून तक्रार आली नाही.

पण हवालदाराचं खरं काम राजय्या तातांचं होतं.

तात म्हणजे तेलुगूत आजोबा. ते चाळीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. दुपारी तीनचा भोंगा झाला की ते कुठेही असले तरी उठायचे, धोतर खोचायचे आणि निघायचे. गिरणीतली पाळी चुकेल म्हणून. अडवलं तर ढकलून द्यायचे. अंगात अजून साचेवाल्याचं बळ होतं. दोनदा ते फाटकाबाहेर गेले. एकदा तर रेल्वेच्या रुळावर सापडले.

एका दुपारी भोंगा झाला, तात निघाले, आणि त्यांच्यापुढे हवालदार आपल्या फेरीला निघाला. तात त्याच्या मागे चालू लागले. कोपऱ्यावर तो थांबला की हे थांबायचे. फाटकाशी मी जीव मुठीत धरून उभी होते. हवालदार फाटकापासून वळला. तातही वळले. तीन फेऱ्या झाल्या. मग दोघं ओसरीवर आले. तातांनी बादलीतल्या पाण्याने पाय धुतले आणि मला म्हणाले, “अयिपोयिंदी, बिड्डा.” झालं, पोरी. पाळी झाली.

पुढे रोज तसंच. भोंगा, तीन फेऱ्या, पाय धुणं, चहा. बाबूमियाँ म्हणायचे, “दोनों की एकच नौकरी. पगार किसकू नई, पेन्शन किसकू नई.” त्या दिवसांत तातांना एकदाही बांधावं लागलं नाही. हे मी दोनदा लिहायला तयार आहे. एकदाही नाही.

मग नवे व्यवस्थापक आले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. भिंतीला चुना, झाडांना गेरू, आयांना निळी लुगडी, असं त्यांचं सुरू झालं. म्हाताऱ्यांत कुत्रं हे त्यांना घाण वाटायचं. मी एकदा धीर करून म्हटलं, “साहेब, तो हाय म्हणून जेवत्यात.” ते म्हणाले, “बाई, हा आश्रम आहे का पांजरपोळ?” सगळे हसले. मी गप्प बसले. माझं सगळं आयुष्य ह्याच वाक्यावर येऊन थांबतं. मी गप्प बसले.

एका रविवारी एक देणगीदार कुटुंब जेवायला येणार होतं. साहेबांनी हवालदाराला सरपणाच्या खोलीत कोंडलं आणि मला पोळ्या लाटायला स्वयंपाकघरात पाठवलं. तीनचा भोंगा झाला. तात उठले. पुढे चालायला कोणी नव्हतं, म्हणून ते सरळ फाटकाकडे निघाले, आणि नेमकी तेव्हाच देणगीदारांची मोटार आत येत होती. पुढचं मला बाबूमियाँनी सांगितलं. साहेबांनी आणि आश्रमातल्या कंपाउंडरने तातांना उचलून आत नेलं आणि काथ्याच्या दोरीने दोन्ही हात खाटेला बांधले. पाहुण्यांनी श्रीखंड खाल्लं, फोटो काढले, पुढच्या दालनातल्या म्हाताऱ्यांना शाली वाटल्या. तोवर तात दोरी ओढत होते. सरपणाच्या खोलीत हवालदार ओरडत होता. मला तो ऐकू येत होता. मी पोळ्या लाटत होते.

मी गेले तेव्हा डाव्या मनगटाची कातडी गोल निघालेली होती. मी दोरी सोडली, हळद भरून चिंधी बांधली. तात मला म्हणाले, “पाळी चुकली, बिड्डा.”

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी लक्ष्मी आली. ती विड्या वळायची आणि कारखान्यात विड्या देऊन परत जाताना वडिलांना भेटायला यायची. तिने चिंधी सोडून पाहिली.

“नायनाच्या हाताला काय झालं, अक्का?” वडिलांना ती नायना म्हणायची.

मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेब दारात आले. “कुत्रं चावलं. भटकं कुत्रं. आम्ही बंदोबस्त करतोय.”

लक्ष्मीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी बादली उचलली आणि मोरीकडे गेले.

त्या संध्याकाळी मला ऑफिसात बोलावलं. खुर्च्यांवर साहेब, कंपाउंडर आणि कमिटीतले एक गृहस्थ. त्यांचं नव्या पेठेत कापडाचं दुकान होतं. टेबलावर एक कागद.

“शेवंताबाई, तातांना जखम झाली आणि औषध लावलं, एवढंच आहे त्यात,” कंपाउंडर म्हणाला.

“वाचता येतं का?” दुकानवाल्यांनी विचारलं.

“व्हय. चौथी झालीया.”

“मग वाचा हवं तर. नाहीतर इथं सही करा.”

इथे मी काय केलं ते नीट लिहिलं पाहिजे. तीन पुरुष बसलेले आणि मी उभी. कागद बारीक अक्षराने भरलेला. मला वाचायला वेळ लागतो, ओळीखाली बोट ठेवावं लागतं, ओठ हलतात. त्यांच्यासमोर तसं वाचायची मला लाज वाटली. शिवाय सगळ्या आयांत मी एकटी सहीवाली, बाकीच्यांचा अंगठा. त्याची मला फुशारकी होती. मी पूर्ण नावाची सही केली, नवऱ्याच्या नावासकट, वळणदार. बाई, अक्षर छान आहे तुमचं, असं दुकानवाले म्हणाले. मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं.

मला अंगठाच येत असता तर त्यांना तो कागद मोठ्याने वाचून दाखवावा लागला असता. तशी पद्धतच आहे. माझ्या चौथीने माझा घात केला.

सकाळी म्युनिसिपाल्टीची कुत्री धरून नेऊन मारायची गाडी आली. त्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांचं ते काम. हवालदार ओसरीवर शिवम्मा आजींपाशी बसला होता. पळालासुद्धा नाही. चिमट्यात धरणाऱ्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “ह्याच्या अंगावर एक कुसळ न्हाय. कोन इंचरतं ह्याला? हितं तर भटकं म्हणून लिवलंय.”

 आजी हातात लाल दोऱ्याची फणी घेऊन बसल्या होत्या.

आणि आता जे लिहिते त्याचा संताप माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. कागदावर चावा लिहिला, म्हणजे सुया आल्या. तेव्हा पिसाळलेल्या कुत्र्याच्या सुया पोटात घेत, चौदा. मी तातांना टांग्यातून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी विचारलं, “कुत्रं कुठंय? दहा दिवस बांधून नजर ठेवा. कुत्रं ठणठणीत राहिलं तर सुया मध्येच थांबवता येतात.”

“म्युनिसिपाल्टीनं नेलं.”

“मग काय इलाज? पूर्ण घ्याव्या लागतील.”

कुत्रं जिवंत राहिलं असतं तर दहा दिवसांत सगळं उघडं पडलं असतं. म्हणूनच एवढी घाई. स्मरणिकेत ह्या घाईला तत्परता म्हटलं आहे. दोरीने सोललेल्या मनगटासाठी एका म्हाताऱ्याच्या पोटात रोज सुई. तातांना कालची सुई आज आठवायची नाही. रोज नव्याने ते मला विचारायचे, कुठं चाललो, बिड्डा? पण चार-पाच दिवसांनंतर टांगा दवाखान्याकडे वळला की ते दोन्ही हात पोटावर धरायचे. का धरतो ते त्यांना सांगता यायचं नाही.

सहाव्या दिवशी मला राहवलं नाही. नर्सबाईंना म्हटलं, “बाई, कुत्रं चावलं न्हाय. दोरीनं झालंय.”

त्यांच्या टेबलापुढे मोठी रांग होती. त्यांनी संस्थेच्या चिठ्ठीमागची कार्बनची नक्कल काढली. “ही सही कुणाची?”

“माजीच.”

“मग वाचा काय लिहिलंय ते.”

तेव्हा मी तो कागद पहिल्यांदा वाचला. बोट ठेवून, ओठ हलवत, रांगेसमोर. लिहिलं होतं, की सदर कुत्र्याने माझ्या डोळ्यांदेखत चावा घेतला, मी सोडवण्याचा प्रयत्न केला. नर्सबाई म्हणाल्या, “तुम्ही सही करून एक सांगता आणि तोंडाने दुसरं. खरोखर चावलं असलं आणि मी सुया थांबवल्या तर म्हातारा जाईल. ती जबाबदारी कोण घेणार?” त्यांचं काही चुकलं नाही. मी तातांचा सदरा वर धरला.

चौदा झाल्या. रोज तीनला दोरी आली. आता खाली चिंधी घालायचे, वळ दिसू नये म्हणून. तात विचारायचे, “कुक्का एदी?” कुत्रा कुठं आहे? पहिल्या दिवशी मी सांगितलं, गेला. ते लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी ते विसरून गेले होते, पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तसेच रडले. मग मी म्हणायला लागले, “फेरीवर हाय, तात.” ते मान हलवायचे. शिवम्मा आजींनी ताट ढकलायला परत सुरुवात केली. मी दाराबाहेर भाकरीचा तुकडा ठेवून यायची आणि सांगायची, घातलं, आजी. कधी विश्वास ठेवायच्या, कधी नाही.

एक दिवस साहेब दुपारचे झोपले असताना भोंगा झाला आणि मी तातांची दोरी सोडली. ते उठले. मी त्यांच्यापुढे चालायला लागले. कुंपणाच्या कडेने, हळू. हवालदार थांबायचा त्या प्रत्येक कोपऱ्यावर मी थांबले, जमिनीकडे पाहिलं, मग पुढे गेले. मागे तातांची पावलं ऐकू येत होती. फाटक आलं. मी वळले. तेही वळले.

पुढच्या दालनातल्या म्हाताऱ्या खिडकीतून हसत होत्या. एकजण म्हणाली, “शेवंता, भुंक की जरा.” बाबूमियाँ मात्र उठून उभे राहिले आणि कपाळाला हात लावून सलाम केला. “अब तुम हवालदार, अक्का.”

ज्या बाईला चारचौघांत पाणी मागायची लाज वाटते, ती त्यानंतर जवळजवळ रोज भर दुपारी सगळ्यांसमोर कुत्र्याची फेरी मारत होती. साहेबांना कळलं तेव्हा ते खूप बोलले. पण तातांना सांभाळायला वेगळा माणूस लागत नाही, काम फुकटात होतंय म्हटल्यावर त्यांनी चालू दिलं. पुढच्या उन्हाळ्यात तात झोपेत गेले. त्या दुपारी आमच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि पाय धुऊन झाले होते.

स्मरणिका आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मीच्या घरी गेले. तिला मराठी वाचता येत नाही. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मी तिला त्या दोन ओळी वाचून दाखवल्या आणि म्हटलं, “लक्ष्मी, हे खोटं हाय. दोरी होती.”

तिने हातातल्या विडीला दोरा गुंडाळला, तोंड दुमडलं आणि सुपात टाकली. “अक्का, कुत्र्याचे दात मनगटाला कड्यासारखे गोल फिरतात का? मला त्याच दिवशी कळलं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलले असते तर साहेब म्हणाले असते, घेऊन जा तुझ्या बापाला. हीच एक खोली. सहा माणसं. कुठं ठेवणार होते?” तिने दुसरं पान उचललं. “तू का नाही बोललीस?”

मी तिला सहीचं सांगितलं. सगळं, अक्षर छान म्हणाले तेसुद्धा. तिने हातातली विडी पुरी वळून सुपात टाकली. मग म्हणाली, “तुला लिहायला येतं की. मग तू लिही. नायनाचं नाव घालून लिही.”

म्हणून लिहिते. काथ्याच्या दोरीने राजय्या तातांचं मनगट सोललं. ती दोरी साहेबांनी आणि कंपाउंडरने बांधली. हवालदार त्या वेळी सरपणाच्या खोलीत कोंडलेला होता. तो कधीच कोणाला चावला नाही, मी केरसुणीने मारलं तेव्हाही नाही. हा माझा जबाब आहे. एकदा लिहिला, मग बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, आणि वाचून झाल्यावर खाली सही केली आहे.